कर्ज त्यांचं, जमीन आपली



सरकारच्या कर्जाशी आपला काय संबंध, असं मीटिंगमध्ये बरेच जण विचारतात. संबंध आहे, आणि तो सरळ आपल्या जमिनीशी आहे.

सरदार सरोवराचंच घ्या. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. लोक लढले, आणि मार्च १९९३ मध्ये ते कर्ज मध्येच थांबलं. मग त्याच वर्षी गुजरात सरकारच्या नर्मदा निगमने बाजारात रोखे विकले. आज ३,६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १,११,००० घ्या! मध्ये व्याज भरायचं नाही, सगळं शेवटी एकदम. म्हणजे तीसपटीहून जास्त. वाढीवर वाढ चढली की काय होतं, हे सवाई-दिढीने धान्य घेतलेल्या माणसाला सांगायला नको.

कर्ज काढणंच वाईट, असं माझं म्हणणं नाही. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला, तर ज्वारी-मका जास्त पिकतो आणि त्यातून पैसा फिटतो. पण कालव्याचं पाणी शेतात पोचायच्या आधीच व्याज वाढत गेलं तर फेड कशातून? तिजोरीतून. आणि तिजोरीला ओढ लागली की आधी कात्री कुठे लागते? दवाखान्याच्या औषधाला, रस्त्याला, आपल्या पाझर तलावाला. व्याज थांबत नाही, आपलं काम थांबतं. मग माणसं ऊसतोडीला जातात आणि गावचं शेत पडीक राहतं.

हे फक्त गुजरातचं आहे असं समजू नका. या धरणाची २७ टक्के वीज महाराष्ट्राची, म्हणून विजेच्या खर्चातही वाटा आहे. शिवाय १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढून आपलं सरकारही रोखे विकायला लागलं.

आता दुसरी बाजू बघा. अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं बुडितात येतात. तिथलं पीक, मोहफूल, डिंक, नदीची मासळी, हे कर्जाच्या हिशोबात कुठे वजा केलं? जंगलजमीन कसणाऱ्याला सातबारा नाही, म्हणून सोसायटी बियाण्याला पैसे देत नाही. त्याच्या हातात पट्टा दिला तर थोड्या कर्जात जास्त पिकेल. पण त्याला कर्ज नाही, आणि त्याची जमीन बुडवायला कोटींचं कर्ज!

म्हणून ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. पंचायत असो, जिल्हा परिषद असो की सरकार: कर्ज कशासाठी? पीक कुठे वाढणार? कुणाची जमीन जाणार? फेडणार कोण? उत्तर लेखी घ्या. उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका.

जिंदाबाद!