विश्वचषक आला, मैदानापर्यंतच्या वाटेचे काय?

२ नोव्हेंबरच्या रात्री मी जबलपूरमधील गोरखपूर या वस्तीत होतो. गोरखपूर म्हटले की दिल्लीतील माझे स्नेही लगेच उत्तर प्रदेशचे राजकारण काढतात. हे गोरखपूर म्हणजे नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे जाताना लागणारी एक गजबजलेली बाजारपेठ. माझे बालपण तिथे गेले आणि चुलतभावाचे घर अजून तिथेच आहे. नवी मुंबईत पावसामुळे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू झाला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत मध्यरात्र झाली. बाजारातील एका दुकानदाराने दूरचित्रवाणी संच दाराशी आणून ठेवला होता. हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन नादिन डी क्लर्कचा झेल टिपला आणि रस्त्यावर फटाक्यांची माळ पेटली.

त्या गर्दीत साठ-सत्तर माणसे तरी असावीत. त्यांत एकही स्त्री नव्हती. वर पाहिले तेव्हा गच्च्यांच्या कठड्यांवर ओणवलेल्या मुली दिसल्या. काही टाळ्या वाजवत होत्या, काही मोबाइलवर खालच्या जल्लोषाचे चित्रण करीत होत्या. खाली येऊ नका, असे त्यांना कोणी सांगितले नसणार. सांगण्याची गरजच नव्हती.

या विजयाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. २००५ मध्ये सेंच्युरियनला आणि २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी हुकलेले जेतेपद अखेर हाती आले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी पार झाले. अंतिम सामन्यात शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी दक्षिण आफ्रिकेला भारी पडले. पडद्यामागे होते मुंबईचे अमोल मुझुमदार, ज्यांना देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचूनही भारताची टोपी कधी मिळाली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून माझेही डोळे पाणावले, हे मान्य करतो.

त्यानंतर सुरू झाला बक्षिसांचा वर्षाव. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे ४४.८ लाख डॉलर नियमाप्रमाणे मिळालेच. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ५१ कोटी रुपये जाहीर केले. राज्य सरकारेही मागे राहिली नाहीत. मध्य प्रदेशने क्रांती गौडला एक कोटी रुपये देऊ केले. तिने ते हक्काने घ्यावेत. मला खटकते ते हे की, सरकारला तिची आठवण ती जिंकल्यावर झाली.

क्रांती छतरपूर जिल्ह्यातील घुवारा गावची. बुंदेलखंडातील त्या गावात ती मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूने खेळत मोठी झाली. पुढे एका प्रशिक्षकाने तिला हेरून विनामूल्य शिकवले. गेल्या जुलैत तिने इंग्लंडविरुद्ध एका डावात सहा बळी घेतले. सांगलीच्या स्मृती मानधनाची कहाणी वेगळी. तिच्या घरात वडिलांना आणि भावाला क्रिकेटचे वेड होते, भाऊ महाराष्ट्राकडून खेळलेला. दोन्ही कहाण्यांत एक धागा मात्र समान आहे. कोणीतरी एक माणूस त्या मुलीसाठी दार उघडायला उभा होता. वडील, भाऊ, प्रशिक्षक, जो कोणी असेल तो. ज्या मुलीच्या आयुष्यात असा माणूस आला नाही, तिचे काय झाले हे कोणत्याही धावफलकावर लिहिले जात नाही.

नियामक मंडळाला त्याच्या वाट्याचे श्रेय दिलेच पाहिजे. २०२२ मध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंचे सामना मानधन समान झाले, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. परंतु ही सारी शिडीच्या वरच्या पायऱ्यांची डागडुजी आहे. पहिली पायरी गल्लीतून मैदानाकडे जाते आणि ती नियामक मंडळाच्या अखत्यारीत येत नाही. ती महापालिकेची, पोलिसांची आणि आपल्या घरांची आहे.

याच स्पर्धेने ते आपल्याला लख्ख दाखवले होते, तेही माझ्याच राज्यात. २३ ऑक्टोबरला इंदूरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलातून जवळच्या कॅफेकडे पायी निघाल्या असता मोटारसायकलवरील एकाने त्यांचा विनयभंग केला. आरोपीला लगेच अटक झाली, हे चांगलेच झाले. पण राज्याच्या एका ज्येष्ठ मंत्र्याने, खेळाडूंनीही यातून धडा घ्यावा, बाहेर पडताना कळवायला हवे होते, अशा आशयाचे उद्गार काढले. पोलीस बंदोबस्तात वावरणाऱ्या जगज्जेत्या संघालाही दिवसाउजेडी चहा-कॉफीला जाण्याआधी परवानगीवजा सूचना द्यावी लागत असेल, तर शिकवणीहून परतणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने कोणाला कळवायचे? विजयाच्या फटाक्यांत हा प्रश्न विरून गेला.

विसरण्यात आपण तसे पटाईत आहोत. एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक कुठे झाले, असे विचारले की शंभरातले नव्व्याण्णव जण २०१० च्या ग्वाल्हेरचे आणि सचिन तेंडुलकरचे नाव घेतील. वास्तविक त्याआधी बारा वर्षे, डिसेंबर १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. तोही महिला विश्वचषकच होता आणि यजमान आपणच होतो. ग्वाल्हेरच्या त्या मैदानाला ज्यांचे नाव आहे ते कॅप्टन रूपसिंह हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांचे धाकटे बंधू, जन्माने जबलपूरचे. मैदान आधी हॉकीचे होते, नंतर क्रिकेटचे झाले. माझ्या शहरात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

बक्षिसांमुळे प्रेरणा मिळते, असे म्हणतात. मिळतेही. पण प्रेरणा मिळालेली मुलगी दुसऱ्या दिवशी कुठे जाते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? मैदानावर संध्याकाळी दिवे, वापरता येईल असे स्वच्छतागृह, एक पगारी प्रशिक्षिका आणि तिथवर जाणारी बस, याचा वार्षिक खर्च किती येईल हे महापालिकेचा कोणताही अभियंता तासाभरात मांडून देईल. त्या खर्चाची घोषणा करायला व्यासपीठ लागत नाही, म्हणून ती होत नाही, असा मला दाट संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने लेदर बॉलचा हट्ट धरला. भाऊ हौशी; दुपारपर्यंत त्याने चेंडू आणलाही. संध्याकाळी बैठकीत चर्चा सुरू झाली. मैदानावर मोठ्या मुलांचे तीन सामने एकाच वेळी चालू असतात. जवळच्या प्रशिक्षण वर्गाची वेळ पाच ते साडेसात, आणि हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो. भाऊ आठला घरी येतो, वहिनीला स्कूटर चालवता येत नाही. रिक्षावाल्याचे नाव निघाले आणि कोणीच पुढे काही बोलले नाही. मुलगी चेंडूची शिवण बोटांनी चाचपत सगळे ऐकत होती. अखेर असे ठरले की तूर्तास तिने गच्चीवरच खेळावे, आणि लेदर बॉलने खालच्यांच्या काचा फुटतील म्हणून टेनिसच्या चेंडूने.