'मुळात असंच होतं' म्हणणाऱ्यांना

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी घरकामाच्या वाटणीवर आमचं एक दिवसाचं शिबिर झालं. दुपारच्या सत्रात एका अंगणवाडी सेविकेनं हात वर केला. म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता ते पटतं. पण घरी गेलं की मालक म्हणतात, ही वाटणी काय आपण केली का? आदिमानवापासून पुरुष शिकारीला जातो नि बाई गुहेत पोरं सांभाळते. पोराच्या पुस्तकातलं चित्रच दाखवतात. मग मी काय बोलू?"

मी पटकन म्हणून गेले, "अहो, तेव्हा तर बायकांचंच राज्य होतं. मातृसत्ता होती!" टाळ्या पडल्या, सत्र पुढे सरकलं. परतीच्या एस.टी.त मात्र मला चैन पडेना. त्यांच्या ऐकीव गोष्टीला मी माझी ऐकीव गोष्ट दिली होती. हे संपादकीय म्हणजे त्या बाईंना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी त्या चित्राबद्दल. हातात भाला घेतलेला पुरुष आणि गुहेच्या तोंडाशी बसलेली बाई कुणी पाहिली होती? हाडं आणि दगडाची हत्यारं सापडली, त्यांच्याभोवतीचं घर मात्र चित्रकारानं स्वतःच्या घरावरून रंगवलं. शास्त्रज्ञही याला अपवाद नव्हते. १९६६ साली शिकागोला मानववंशशास्त्रज्ञांची एक मोठी परिषद भरली. १९६८ साली तिचं पुस्तक निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ 'शिकारी माणूस'. इंग्रजीत माणूस आणि पुरुष यांना एकच शब्द, त्यामुळे तो झाला 'शिकारी पुरुष'. शिकारीमुळे माणसाला हत्यारं करता आली, शिकारीमुळे तो एकजुटीनं वागायला शिकला, शिकारीमुळे त्याची बुद्धी वाढली, असा या मांडणीचा सूर होता. म्हणजे माणसाला माणूस केलं पुरुषानं. बाई आपली मागे मागे आली.

गंमत अशी की याच पुस्तकात रिचर्ड ली यांचा लेख आहे. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात कुंग लोकांमध्ये राहून त्यांनी रोजचं अन्न मोजलं. वजनानं ६० ते ८० टक्के अन्न वनस्पतींचं होतं, आणि ते गोळा करून आणणाऱ्या होत्या मुख्यतः बायका. शिकार रोज मिळत नाही; कंदमुळं, फळं, बिया यांवर घर चालतं. पुस्तकात हिशेब बाईचा आणि मुखपृष्ठावर नाव पुरुषाचं! आपल्याकडे सातबाऱ्याचं असंच असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९७० नंतर काही अभ्यासक स्त्रियांनी साधा प्रश्न विचारला, की पुरुष शिकारीला गेल्यावर बायका दिवसभर काय करत होत्या? सॅली स्लोकम यांनी मांडलं की माणसाच्या अगदी पहिल्या साधनांत गोळा केलेलं अन्न ठेवायची पाटी आणि मूल बांधून घ्यायची झोळी असणार. दगड लाखो वर्षं टिकतो, झोळी कुजून जाते. म्हणून संग्रहालयात दगड दिसतात आणि झोळी दिसत नाही. पण जे टिकलं तेवढंच घडलं असं थोडंच आहे?

शिकारही सगळीकडे फक्त पुरुषांची नव्हती. फिलिपाइन्समधल्या आग्ता समाजात बायका धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन शिकारीला जात, याच्या नोंदी आहेत. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या डोंगराळ भागात २०१८ साली सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीची एक दफनाची जागा उकरण्यात आली. मृतासोबत भाल्याची दगडी टोकं आणि कातडं सोलायची हत्यारं ठेवलेली होती. दातांची तपासणी केली तेव्हा कळलं, की ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासकांनी अमेरिका खंडातल्या जुन्या दफनांच्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्या २७ जणांपैकी ११ स्त्रिया निघाल्या.

आता माझ्या टाळ्यांच्या वाक्याकडे येते. एका दफनावरून 'तेव्हा सगळ्याच बायका शिकारी होत्या' असं म्हणणं जितकं घाईचं, तितकंच 'सगळीकडे बायकांचं राज्य होतं' हेही. बाखोफेन यांनी १८६१ साली आदिम मातृसत्तेची कल्पना मांडली. मॉर्गन यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन एंगल्स यांनी १८८४ साली कुटुंब आणि खाजगी मालमत्तेच्या उगमावर लिहिलं. आपल्यापैकी कितीतरी जणी ते अभ्यासवर्गात वाचूनच घडल्या. बाईचं दुय्यमत्व देवानं दिलेलं नाही, ते कधीतरी सुरू झालं आणि म्हणून संपूही शकतं, हे आपण त्यातून शिकलो. ती शिकवण मोलाची आहे. पण जगभर एके काळी बायकांची सत्ता होती, याला पुरावा मिळालेला नाही. आईकडून वंश चालणं वेगळं आणि बाईच्या हाती सत्ता असणं वेगळं. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईचं चालतं, मालमत्ता धाकट्या लेकीकडे जाते, तरी निर्णयात मामाचा शब्द मोठा असतो आणि पारंपरिक दरबारात पुरुष बसतात. आपल्याला सोयीची गोष्टही तपासून घ्यायची, हा नियम आपण आधी स्वतःला लावला पाहिजे.

'मुळात' हा शब्द घरकामापुरता थांबत नाही. आंतरजातीय लग्न करू पाहणारी मुलगी आपल्याकडे येते, तेव्हा तिच्या घरच्यांच्या तोंडी हाच शब्द असतो. मुळात आपलं रक्त वेगळं, आपले पूर्वज वेगळे. २०१३ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी. आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातल्या ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या जवळजवळ सगळ्या समूहांत सरमिसळ झाली, आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नं करण्याची पद्धत घट्ट झाली, असं त्यातून दिसतं. म्हणजे भिंत नंतरची आहे. ती कशी टिकवली, हे बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्याच वर्गात वाचलेल्या निबंधात सांगितलं होतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांच्या जोरावर जातीची भिंत उभी राहिली, ही त्यांची मांडणी. रक्ताच्या शुद्धतेचा पहारा बाईच्या शरीरावर बसवलेला असतो, हे आपण रोज पाहतो.

आपल्या इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतला असमानपणा वंशावर अवलंबून असतो का, हा इरावतीबाईंचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या, तसं काही आढळलं नाही, आणि गुरूला न रुचणारा तो निष्कर्ष त्यांनी तसाच लिहिला. 'मुळात' म्हणणाऱ्यापुढे कसं उभं राहायचं, हे मला त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं. मोजायचं, आणि आढळलं तेच सांगायचं.

म्हणूनच उत्क्रांतीचं शिक्षण हा आपला प्रश्न आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत सांगितलं, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, तेव्हा डार्विन चुकीचा. २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून त्याला विरोध केला. 'मग आजच्या माकडांची माणसं का होत नाहीत?' हा प्रश्न आपल्या बैठकांतही येतो. उत्तर सोपं आहे. चिंपांझी ही आपली आजी नव्हे, दूरची चुलत बहीण. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आपले पूर्वज एकच होते, नंतर वाटा वेगळ्या झाल्या. तीही बदलत आली, आपणही बदलत आलो.

आणि हीच गोष्ट मला त्या अंगणवाडीच्या बाईंना सांगायची होती. उत्क्रांती म्हणजे बदल. 'मुळात असं होतं' म्हणून बोट ठेवावं असं थांबलेलं ठिकाण त्यात कुठेच नाही. शिवाय, समजा उद्या पुरावा निघाला की त्या काळी खरंच फक्त पुरुष शिकार करत होते, तरी भांडी कुणी घासायची हे त्यावरून कसं ठरेल? मालक आता भाला घेऊन जात नाहीत, मोटरसायकलवर जातात! त्यांनी गुहा सोडली. बाईनं तेवढी तिथेच बसून राहायचं का? आपले हक्क कुठल्या हाडांतून निघालेले नाहीत. आपण माणूस आहोत, तेवढं कारण पुरेसं आहे.

बाईंना पत्र टाकलं आहे. पुढच्या शिबिरात ते पुस्तकातलं चित्र घेऊन या, आपण सगळ्या मिळून ते वाचू, असं कळवलं आहे. तुमच्या गटातही हे करून पाहा. मुलांच्या पुस्तकातली आदिमानवाची चित्रं काढा आणि त्यांत बायका काय करताना दाखवल्या आहेत ते मोजा. काय आढळलं ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात ते छापू.

तुमची,
संपादिका