बाटलीतले अँटीऑक्सिडंट आणि शाळेतले इन्सुलिन

आज १४ नोव्हेंबर. शाळाशाळांतून बालदिन साजरा होईल. इन्सुलिनच्या शोधातले अग्रणी फ्रेडरिक बँटिंग यांचाही हा जन्मदिवस, म्हणून हाच जागतिक मधुमेह दिन. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत ज्या रुग्णाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले, तो १४ वर्षांचा मुलगा होता. तेव्हा मुलांच्या दिवशी मुलांच्या मधुमेहावर बोलणे अप्रस्तुत नाही.

टाईप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरच उलटते आणि इन्सुलिन जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. साखर चढलेली राहिली, की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना ती दाराबाहेर थोपवता येत नाही. चुलीत लाकडे कोंबली की जाळापेक्षा धूरच जास्त होतो. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात तसेच घडते. हा धूर म्हणजे सुपरऑक्साइडसारखे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू. त्यांना निस्तरायला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज ही विकरे आणि ग्लुटाथायोन शरीरातच असतात. पण जादा साखरेचे सॉर्बिटॉल होताना जे एनएडीपीएच हे सहायक रसायन खर्ची पडते, तेच ग्लुटाथायोन पुन्हा कामाला जुंपण्यासाठी लागते. म्हणजे मारा वाढतो आणि बचाव त्याच वेळी दुबळा होतो. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसा यांची झीज त्यातून होते. मधुमेही मुलांच्या रक्तातही या ताणाच्या खुणा संशोधकांना आढळल्या आहेत.

ऑक्सिडंटचा त्रास, तर अँटीऑक्सिडंटची गोळी, हा हिशेब सोपा वाटतो आणि बाजार तो विकतोही. पण प्रयोगांनी त्याला साथ दिलेली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ५५ वर्षांवरच्या साडेनऊ हजार जणांपैकी निम्म्यांना रोज ई जीवनसत्त्व दिले गेले. त्यांत मधुमेहीही पुष्कळ होते. हृदयविकार त्याने टळला नाही. काढे आणि चूर्णांच्या भरवशावर मुलाचे इन्सुलिन बंद करणे तर जीवावरच बेतते.

मग उपाय काय? साखर आवाक्यात ठेवणे. अमेरिका आणि कॅनडातल्या १३ ते ३९ वयाच्या १,४४१ टाईप वन रुग्णांवरील ‘डीसीसीटी’ अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले, की काटेकोर नियंत्रणामुळे डोळ्यांचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. शरीराचा स्वतःचा बचाव शाबूत ठेवण्याचा भरवशाचा मार्ग हाच.

मात्र हे नियंत्रण निम्मा दिवस शाळेत ठेवावे लागते. साखर ७०च्या खाली उतरली, की मुलाचे हात थरथरतात, घाम फुटतो. त्या क्षणी त्याला साखर हवी, मधल्या सुट्टीची घंटा नव्हे. बोट टोचून स्ट्रिपवर थेंब घ्यायला किंवा इन्सुलिनचे पेन टोचायला त्याने स्वच्छतागृहात लपायचे, आणि चारचौघांत नको म्हणून एखादा डोस चुकवायचा, तर वर सांगितलेली झीज तिथेच सुरू होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत मधुमेही विद्यार्थ्यांना खाऊ जवळ बाळगण्याची मुभा दिली. परीक्षेत जे चालते, ते रोजच्या वर्गात का चालू नये?

मुख्याध्यापकांनी आज भाषणाआधी एवढे करावे : आपल्या शाळेत असे मूल आहे का, याची पालकांकडे चौकशी करावी, त्याला वर्गात साखर तपासण्याची, खाण्याची आणि इंजेक्शन घेण्याची परवानगी लेखी द्यावी, आणि साखर उतरल्यावर काय करायचे ते प्रत्येक शिक्षकाला शिकवावे.