बाराव्याला सह्या नकोत, तीन महिन्यांत सगळ्यांची नावं लावा



आज माशांच्या दराबद्दल किंवा बीज सोडण्याबद्दल लिहीत नाही. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या मागे जे राहतं, नाव, जाळी, घर, दहा-वीस गुंठे जमीन, बँकेतली ठेव, संस्थेचा शेअर, त्याचं पुढं काय करायचं, याबद्दल लिहितोय. संस्थेच्या कार्यालयात वर्षभर हेच प्रश्न येतात. आणि येतात ते बहुतेक वेळा उशिरा. तोवर एखाद्या भावानं नाव विकलेली असते, नाहीतर विधवा सुनेला “तुझं इथं काय?” असं ऐकवून झालेलं असतं.

आमचं मत आधीच स्पष्ट सांगतो. बाराव्या-तेराव्याला, घर दुःखात असताना, बहिणींच्या आणि विधवेच्या कोऱ्या कागदावर सह्या-अंगठे घ्यायची जी पद्धत आपल्याकडं पडली आहे, ती बंद झाली पाहिजे. आधी सगळ्या वारसांची नावं लागू देत. मग कुणाला आपला हक्क भावाला सोडायचा असेल तर तिनं तो शांत डोक्यानं, रीतसर सोडावा. जमिनीचं, घराचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. साध्या कागदावरची सही तिथं चालत नाही, तिनं फक्त भांडण उभं राहतं.

आता वारस कोण ते बघा. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. मागं बायको, आई, दोन मुलं, एक मुलगी असेल तर पाच सारखे वाटे. आईचा वाटा आपल्याकडं सगळेच विसरतात. मुलगी इचलकरंजीला दिली असो की शिरोळला, लग्नानं तिचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत कर्नाटकानं मुलींना 1994 सालीच हक्क दिला होता, पण तो तेव्हा लग्न न झालेल्यांपुरता. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, त्या वेळी बाप हयात होता की नव्हता हा प्रश्नच नाही. मुस्लिम सभासदांचे वाटे त्यांच्या कायद्याप्रमाणे पडतात, पण कागदांची वाट बरीचशी हीच.

दुसरा मोठा घोळ नॉमिनीचा. “पासबुकावर माझं नाव आहे, पैसे माझे,” असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तसं नाही. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा विश्वासाचा माणूस. मालक वारसच. विम्याबद्दल सुप्रीम कोर्टानं हे 1984 मध्येच सांगितलं. कालनिर्णय ज्यांच्यामुळं घराघरात पोचलं त्या जयंत साळगांवकर यांचं 2013 साली निधन झालं. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं, शेअर-गुंतवणुकीला नॉमिनीही नेमले होते, तरी घरातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला की शेअरचा नॉमिनीसुद्धा मालक होत नाही. माणूस गेल्यावर दहा वर्षांनी! एवढ्या जाणत्या घरात असं होतं, तर आपण “आमच्यात काही वाद नाही” म्हणून गाफील कशाला राहायचं?

तरीही नॉमिनी लावाच. तो नसेल तर पैसे निघायलाच वेळ लागतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाप्रमाणे सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतचा दावा कोर्टाच्या कागदाशिवाय निकाली काढायचा आहे. वारस दाखला, हमीपत्र आणि बाकी वारसांची नाहरकत दिली की कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेत “कोर्टातून आणा” म्हणाले तर हा नियम दाखवा. पतसंस्था आणि सौहार्दला मात्र हा नियम लागू नाही, तिथं त्यांच्या पोटनियमाप्रमाणं चालतं.

आता कागदांचा क्रम. एकात एक मिसळू नका.

1. मृत्यूची नोंद 21 दिवसांत. वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. दाखल्यावरचं नाव आधार आणि उताऱ्याशी जुळतं का ते तिथंच बघा. कन्नडमधून नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पुढं महिने जातात.

2. वंशावळ, म्हणजे वंशवृक्ष. नाडकचेरीत अर्ज करायचा, तलाठी चौकशी करतो. यात एकही नाव लपवू नका. लपवलेली बहीण पुढं कोर्टातून येते, आणि ते बरोबरच असतं.

3. जमिनीला पौती खाते. जमीन महसूल कायद्याप्रमाणं हक्क आल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. आजोबांच्या नावावर उतारा असलेली घरं आपल्यात आजही आहेत. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरानंतर भरपाईच्या वेळी त्याचा फटका काय असतो ते दूधगंगेच्या काठावर सगळ्यांनी बघितलं. नुकसान जिवंत माणसाचं, उतारा मयताच्या नावाचा. पण एक ध्यानात ठेवा, उताऱ्याला नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नाही. ती वाटणीपत्रानं किंवा कोर्टानं ठरते.

4. सक्सेशन सर्टिफिकेट. हे फक्त पैसे, ठेवी, शेअर, येणं वसूल करायला. जमिनीला हे लागत नाही. कोर्टात अर्ज, नोटीस, पेपरात जाहीर प्रकटन, मग हुकूम.

5. प्रोबेट. मृत्युपत्र असेल तर ते खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं, म्हणून तिकडचे पाहुणे “प्रोबेट काढा” म्हणतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात हिंदूंना ती सक्ती नव्हती. वाद असेल तरच त्या वाटेला जायची वेळ येते. साध्या कामाला हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाला आधी विचारा, नक्की कुठला कागद काढून देणार?

नदीत बुडून मृत्यू झाला तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. पोलिसांत वर्दी आणि पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय अंत्यविधी करू नका. “चिरफाड नको” म्हणून परस्पर अग्नी दिला की अपघात विम्याचा दावा उभाच राहत नाही. मत्स्य संपदा योजनेच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख आहेत, बँकेतून वर्षाला 20 रुपये कापणाऱ्या सुरक्षा विम्यात 2 लाख. महिन्याच्या आत दावा घाला. त्या पैशावर लेकरांची शाळा चालते.

सावकाराला आणि फायनान्सवाल्याला घाबरू नका. मयताचं कर्ज वारसांनी फेडायचं ते मिळालेल्या मिळकतीपुरतं. विधवा स्वतः जामीनदार नसेल तर तिच्या मजुरीतून ते वसूल करता येत नाही.

कोर्टाची पायरी चढावी लागलीच तर बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1987 चा कायदाच तसा आहे. चिकोडीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

काही थोरले सभासद म्हणतात, “बहिणींची नावं लावली तर नाव आणि जाळं तुकडे करून वाटायचं का?” नाही हो. धंदा जो चालवतो त्यानं चालवावा. नाव त्याच्याकडं राहू द्या, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची किंमत ठरवून द्या, हप्त्यानं द्या, पण कागदावर द्या. बहिणीनं माया म्हणून सोडलं तर तो तिचा मोठेपणा. तिला न विचारता घेतलं तर ती चोरीच.

आणि सगळ्यात सोपं काम जिवंतपणी करायचं असतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनीही सह्या करायच्या, एवढंच. नोंदणी केली तर चांगलंच. वाटणीत ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करू नका.

सभासदांनी संस्थेच्या शेअरचा नॉमिनी फॉर्म भरलाय का ते येऊन बघावं. नॉमिनी म्हणून आई लावली होती आणि ती आता नाही, असं असेल तर बदलावा. नावेचा परवाना वारसांना आपोआप मिळतो असं धरू नका, मालक गेला की लगेच नव्यानं अर्ज करा. फॉर्म कार्यालयात आहेत, भरायला आम्ही मदत करू. येताना बायकोला सोबत आणा. पुढं हे कागद तिलाच शोधावे लागणार आहेत, ते कुठल्या पेटीत आहेत हे तिला आजच माहीत असू दे.

— सचिव