पिवळ्या लेन्सचे जादा पैसे

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक हल्ली हमखास विचारतात, ‘डॉक्टर, निळा प्रकाश अडवणारी लेन्स घ्यायची का?’ प्रश्न रास्त आहे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते आणि बराचसा निळा प्रकाश अडवते. ते काढून पारदर्शक लेन्स बसवली की काही रुग्णांना सगळेच निळसर दिसू लागते. हळूहळू मेंदू त्याला सरावतो. हा वाढीव निळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याला इजा करील, या शंकेतून पिवळी लेन्स आली. शंकेला आधार होता तो मुख्यतः प्रयोगशाळेतला. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2018 मध्ये रुग्णांवरील 51 चाचण्यांचा आढावा घेतला. पिवळ्या लेन्समुळे नजर अधिक सुधारते किंवा उतारवयातली पडद्याची झीज टळते, असा भरवशाचा पुरावा त्यात मिळाला नाही. अतिनील किरण तर आजच्या साध्या लेन्सही अडवतात. पिवळ्या लेन्सला माझा विरोध नाही. तिच्यासाठी कर्ज काढण्याला आहे. मधुमेही माणसाने तोच पैसा साखर आटोक्यात ठेवण्यावर आणि दरवर्षी पडदा तपासून घेण्यावर खर्च करावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर आधी ती सोडावी. पडद्याच्या झिजेशी तिचे नाते पक्के सिद्ध झालेले आहे.