तांबडा इशारा आणि तांबडा दिवा

पावसाळा आला की आमच्या घरोघरी दोन पाऊस पडू लागतात. एक आभाळातून पडतो आणि दुसरा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. पहिल्याचा नेम नाही. कधी मृग कोरडा जातो, कधी आर्द्रा झोडपून काढते, कधी तरणा रुसून बसतो आणि म्हातारा धावून येतो. पडद्यावरचा पाऊस मात्र कधीही दगा देत नाही. तो अष्टौप्रहर, ढोलताशांच्या गजरात, कोसळतच असतो. आता आभाळ फाटणार, आता हाहाकार उडणार, आता घराबाहेर पाऊल टाकाल तर खबरदार! वृत्तनिवेदकाचा आविर्भाव असा, की प्रलयकाळचा मनूच जणू नौका शोधीत आपल्या दिवाणखान्यात शिरला आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टिळकवाडीतला गृहस्थ छत्री काखोटीला मारून बाहेर पडतो, तो लख्ख उन्हात!

हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा असता तर या स्तंभाची जागा आम्ही त्यासाठी खर्ची घातली नसती. परंतु इशारा ही फार मोलाची वस्तू आहे. तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, आणि ती उधळली की संपते. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण सर्वांनी पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत वाचली आहे. त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे मात्र आमच्या वाहिन्यांच्या संपादकांनी वाचलेले दिसत नाही.

मूळ इशारा काय असतो, हे एकदा नीट समजून घ्यावे. भारतीय हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरव्याचा अर्थ काही करण्याची गरज नाही. पिवळ्याचा अर्थ लक्ष असू द्या. नारिंगीचा अर्थ तयारीत राहा. आणि तांबड्याचा अर्थ आता हातपाय हलवा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला तर तो ‘जोरदार’, तेथून २०४.४ पर्यंत ‘अति जोरदार’, आणि त्याच्याही पुढे गेला तर ‘अत्यंत जोरदार’. इतके मोजून-मापून, ‘काही ठिकाणी’, ‘तुरळक ठिकाणी’, ‘शक्यता आहे’ अशा काळजीपूर्वक शब्दांत लिहिलेले ते निवेदन वाहिनीच्या कचेरीत पोचते. तेथे प्रथम ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द गळतात, मग ‘शक्यता’ गळते, आणि उरतो तो केवळ रंग. त्या रंगाला पार्श्वसंगीत जोडले की बातमी तयार!

अलीकडे या मंडळींनी एक नवाच शब्द टांकसाळीतून काढला आहे: ‘ढगफुटीसदृश पाऊस’. ढगफुटी कशास म्हणावे याचे माप ठरलेले आहे. लहानशा प्रदेशावर एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. पडला असेल तर तसे सांगावे, नसेल तर नाही म्हणावे. ‘सदृश’ म्हणजे काय? उद्या एखाद्या गृहस्थास ताप आला तर ‘मृत्यूसदृश प्रकृती’ म्हणून त्याच्या घरच्यांना तार करावयाची काय?

यात दोष हवामानशास्त्राचा नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याची चेष्टा करणे ही आपल्याकडे जुनी करमणूक आहे. परंतु १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशामध्ये सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली, आणि २०१३ साली ‘फायलिन’ हे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा लाखो लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविले गेल्याने मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. दोन वादळांच्या मध्ये उभा होता तो वेळेवर दिलेला आणि लोकांनी खरा मानलेला इशारा. आपल्याकडचा अनुभवही ताजा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा या सर्व नद्या एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या. सांगली-कोल्हापूर पाण्यात गेले, पुणे-बंगळूर महामार्ग दिवसचे दिवस बंद राहिला आणि बेळगाव जिल्ह्यातील गावेच्या गावे उठवावी लागली. २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुन्हा त्याच महामार्गावर आले. अशा दिवशी ज्याने इशारा ऐकला तो तरला. तो ऐकण्याची सवय मोडून टाकणे हा, आमच्या मते, साधा अपराध नव्हे.

सीमाभागातील माणसाची अडचण तर आणखी वेगळी आहे. तो बातम्या पाहतो त्या मुंबईच्या मराठी वाहिन्यांवर, कारण ती त्याची भाषा आहे. परंतु त्या वाहिन्यांवरचा पावसाचा नकाशा शिनोळीच्या नाक्यावर येऊन थांबतो. त्यापुढे जणू समुद्रच! कोल्हापूर जिल्ह्याला नारिंगी रंग लागतो, चंदगड तालुका त्या रंगात येतो, आणि चंदगडला लागून असलेला खानापूर तालुका पांढरा राहतो. आता सह्याद्रीचा कडा तोच, ढग तेच, वारा तोच. कणकुंबी आणि जांबोटीवर पडणारा पाऊस हा आंबोली-चंदगडच्या पावसाचा सख्खा भाऊ आहे. पण सरकारी दप्तरात खानापूरचा समावेश ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात होतो, म्हणजे विजापूर, बागलकोट, गुलबर्गा यांच्या पंक्तीस. एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला मुसळधार आणि अथणीला टँकरची वाट पाहणारी तहान, अशी स्थिती असताना जिल्ह्याला एकच रंग लावून काय साधते? १९५६ साली ज्यांनी माणसांच्या वस्तीवरून रेघ ओढली त्यांच्या हिशेबी ढगांनाही ती रेघ पाळावी लागते, असे दिसते.

बरे, स्थानिक प्रशासनाकडून तरी नीट सूचना मिळावी. ती निघते प्रामुख्याने कन्नडमधून. बल्लारी नाल्याच्या काठी ज्याचे भातशेत दर पावसाळ्यात बुडते तो येळ्ळूर-वडगावचा शेतकरी, किंवा मलप्रभेच्या उगमाकडील वाडीतली म्हातारी, यांना पुराची सूचना त्यांना वाचता येईल अशा भाषेत मिळू नये काय? ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्क्यांहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व केंद्राने आणि राज्यांनी केव्हाच मान्य केलेले आहे. येथे तर प्रश्न पंधरा टक्क्यांचाही नाही. सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागावयाचा तेव्हा लागेल. महाराष्ट्राचा दावा तेथे २००४ पासून पडून आहे. नदी मात्र निकालासाठी थांबत नाही. पुराची सूचना आणि रस्त्यावरची धोक्याची पाटी या दोन गोष्टी तरी मराठीतून मिळाव्यात, ही मागणी राजकारणाची नव्हे, प्राणांची आहे.

रस्त्यावरच्या पाटीचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. कारण आभाळाला भिऊन घरात बसणारा आमचा नागरिक एकदा बाहेर पडला की कशालाही भीत नाही. रात्री ‘तांबडा इशारा’ पाहून ज्याने खिडक्या लावून घेतल्या तोच सकाळी दुचाकीवर बायको आणि दोन मुले घेऊन, हेल्मेट आरशाला अडकवून, गोगटे चौकातला तांबडा दिवा खुशाल ओलांडतो. तेथे कोणी निवेदक किंचाळत नाही, कोणी ढोल बडवीत नाही.

आणि आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला ४६० हून अधिक, तासाला १९. हा अग्रलेख वाचून होईपर्यंत त्यांत एकदोघांची भर पडेल. हेल्मेट नव्हते म्हणून गेले ते ५०,०२९. त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेले होते. आणखी एक गोष्ट या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते, ती अशी की बहुसंख्य अपघात धुक्यात नाहीत, पावसात नाहीत, घाटाच्या वळणावरही नाहीत. ते होतात निरभ्र आकाशाखाली, सरळ रस्त्यावर. ज्या दिवशी हवामान खाते हिरवा रंग दाखविते, त्याच दिवशी आम्ही एकमेकांना मारतो.

अतिवेग हे त्यातले सर्वांत मोठे कारण आहे. ताशी साठ किलोमीटर हा वेग आजच्या पोरांना बैलगाडीचा वाटतो. त्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. खिशातला मोबाईल वाजला, तो काढून कोणाचा आहे हे पाहण्यात तीन सेकंद गेली, की पन्नास मीटर रस्ता चालकाने आंधळ्यासारखा कापला. गणपत गल्लीत पन्नास मीटरांत किती माणसे असतात, हे ज्याचे त्याने मोजावे. ओल्या रस्त्यावर थांबण्यास अंतर अधिक लागते, हे तर वेगळेच.

मागच्या माणसालाही हेल्मेट सक्तीचे झाले ते कर्नाटकात २०१६ साली. परंतु आमच्याकडे हेल्मेट हे डोक्याचे संरक्षण नसून पोलिसापासूनचे संरक्षण आहे. चौकात पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते, चौक ओलांडला की पुन्हा हातात येते. अल्पवयीन मुलाने वाहन चालविले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तुरुंगवास आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. तरीही दहावीच्या शिकवणीला जाणारी पोरे गाडीवर तिघे-तिघे बसून जातात आणि बाप कौतुकाने पाहतो. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येणार नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे. तरीही पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते ती छायाचित्र काढण्यासाठी.

आमच्या चळवळीतील तरुणांना येथे चार शब्द स्पष्ट ऐकवावे लागतील, आणि ते ऐकवण्याचा अधिकार आम्हांस आहे. शिवजयंती असो, मेळावा असो, मोर्चा असो, भगवा झेंडा हाती घेऊन मोटारसायकलवर तिघे उभे राहतात आणि कर्णा दाबीत निघतात. हे शौर्य नव्हे. १९५६ च्या जानेवारीत ज्यांनी या शहरात छातीवर गोळ्या झेलल्या त्यांना आपण हुतात्मे म्हणतो. दुभाजकावर डोके आपटून मेलेल्याच्या आईला कोणता शब्द देणार? पोलिसांच्या लाठीला आमच्या तरुणाने जरूर सामोरे जावे; पण सभेला येताना तो डोक्यावर हेल्मेट घालून आणि झेंडा गुंडाळून येवो.

सरकारी खात्यांनी यावर मिशीला पीळ भरण्याचे कारण नाही. पाऊस हा त्यांचा आवडता आरोपी आहे. खड्डा पडला, पावसाने. दिवे बंद, पावसाने. दुचाकीस्वार पडला, पावसानेच. रंग न लावलेला, आधी पाटी नसलेला गतिरोधक रात्री दिसत नाही, तो मात्र पावसाने बांधलेला नसतो. वाहिन्यांवरच्या प्रलयाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होत असेल तर तो या मंडळींना. आभाळच फाटले म्हटल्यावर ठेकेदाराच्या डांबराची जाडी कोण मोजणार?

आता पावसाळा सरेल आणि त्याच्या पाठोपाठ उसाचा गळीत हंगाम सुरू होईल. आमच्या भागातला खरा तांबडा इशारा तो आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर महामार्गावरून आणि आतल्या रस्त्यांवरून कारखान्याकडे जातात. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर इतक्या आलेल्या असतात की मागचा दिवा असला तरी झाकलेला असतो, आणि बहुधा तो नसतोच. चाक बसले की ट्रॉली तेथेच रस्त्यात उभी, तिच्याभोवती चार दगड, हाच इशारा. ट्रॉली पहाटे निघून जाते, दगड तेथेच राहतात. अंधारातून येणाऱ्या दुचाकीस्वारास आधी ऊस लागतो, मग तो दिसतो.

याला कोणत्याही उपग्रहाची किंवा रडारची गरज नाही. ट्रॉलीच्या मागे, मोळ्यांच्या बाहेर लोंबेल असे, प्रकाश परतवणारे तांबडे कापड किंवा पत्रा लावावयाचा आहे. ऊस सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांत जातो. तेव्हा दोन्हीकडील संचालक मंडळांना आमचे सांगणे आहे की बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मुहूर्त धरण्यापूर्वी करारातील प्रत्येक वाहनाला हे तांबडे कापड कारखान्याने स्वखर्चाने द्यावे, आणि ते नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये. ऊस उत्पादक सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारावा, आणि विचारताना मागच्या हंगामात आपल्या गावच्या रस्त्यावर ट्रॉलीवर आदळून कोण गेले, त्याचे नाव घेऊन विचारावा.