टाइल्सवर धबधबा, नळाला खडखडाट

मागच्या महिन्यात लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, दोन दिवसांसाठी ये की. बाथरूम नवं करायलोत, टाइल्स बघायच्यात." मी म्हटलं, "अगं, टाइल्स बघायला नांदेडहून माणूस कशाला लागतं?" तर म्हणाली, "रंगावरून घरात भांडण लागलंय. तू ये."

बाथरूम नवं करायचं कारण तसं दुःखाचंच होतं. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या दिवशी तेल-उटण्याच्या ओल्यावरून तिच्या सासूबाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात गेले. आता त्यांना खाली बसवत नाही, म्हणून कमोड हवा, सपाट फरशी हवी, असं घरात ठरलं.

पण दुकानात गेलो आणि आजींचा खुबा सगळे विसरले. भाच्याला काळ्या चकचकीत टाइल्स पाहिजेत, हॉटेलात असतात तशा. त्याच्या वडिलांना पांढऱ्याशुभ्र. दुकानदाराने मधला मार्ग काढला. खाली गडद निळा, वर फिका निळा आणि मधल्या पट्टीत हायलायटर, म्हणजे चित्राची टाइल. चित्र कशाचं? उंच कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि पाण्यातून उडी मारणारे दोन डॉल्फिन! घरी येऊन सासूबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "बरं झालं माय. नळाला नसलं तरी भिंतीवर तरी पाणी हाय!"

सगळे हसले. मला मात्र २०१६ चा एप्रिल आठवला. मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या आणि साधारण पाच लाख लिटर पाणी. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी जमावबंदी लावावी लागली होती. पुढे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेतं वाहून गेली. आपल्याकडे पाणी असं एक तर नसतं, नाहीतर अंगावर येतं. बहिणीच्या गल्लीत आजही नळ आठवड्याने येतो. बाकीचे दिवस टाकी, ड्रम आणि बोअर.

मैत्रिणींनो, गडबड इथेच आहे. दुकानात मांडलेलं बाथरूम हे चोवीस तास पाणी असणाऱ्या घराचं असतं. बहुतेक खोक्यांवर गुजरातच्या मोरबीचं नाव असतं. माल चांगला असतो, पण तो आपल्या बोअरचं पाणी बघून बनवलेला नसतो. आपलं पाणी जड. ते वाळलं की क्षार मागे राहतो. काळ्या चकचकीत टाइलवर त्याचे पांढरे डाग चांदण्यासारखे उठून दिसतात. पांढऱ्या टाइलवर पाण्यातल्या लोहाचा तांबूस ओघळ आणि सांध्यांतला मळ दिसतो. म्हणजे दोन्ही रंगांत घासणं आलंच. आणि घासणार कोण? रंगावरून भांडणाऱ्या दोघांनी आजवर त्या बाथरूमला एकदाही खराटा लावलेला नाही!

डाग निघेना की मग आपण ॲसिड आणतो. ॲसिडने डाग जातात हे खरं, पण सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं जातं. मग सांध्यांत पाणी मुरतं, शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. शिवाय खिडकी नसलेल्या चार बाय सहाच्या खोलीत ती वाफ आपल्याच छातीत जाते. ॲसिड आणि ब्लीचिंग तर चुकूनही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आपल्या जुन्या शहाबादी फरशीवरही ॲसिड टाकू नये, ती चुनखडीचा दगड आहे. पण ती फरशी खरबरीत होती आणि तिच्यावर पाय सहसा सटकत नव्हता, हे सासूबाई आजही बोलून दाखवतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच दुकानात गेलो. आधी घरचं पाणी बाटलीत भरून नेलं. नमुन्याच्या टाइल्सवर शिंपडलं, पंख्याखाली वाळू दिलं आणि मग बघितलं. वाळूचा रंग आणि फिका राखाडी, तोही जरा ठिपक्यांचा, यांवर डाग सगळ्यांत कमी दिसले. भिंतीला गुळगुळीत टाइल घेतली, कारण ती फडक्याने पुसता येते. तीही मोठी, दोन बाय एक फुटाची. टाइल मोठी म्हणजे सांधे कमी, सांधे कमी म्हणजे घासणं कमी. जमिनीचं गणित उलटं. तिथे मॅट, खरबरीत आणि लहान, एक बाय एक फुटाची. लहान टाइलला जाळीकडे नीट ढाळ देता येतो आणि सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. टाइल निवडताना तिच्यावर पाणी ओतून, साबण लावून, अनवाणी पाय ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. खुबा त्याचा मोडणार नाही.

मांडणीचंही सांगते. अख्ख्या टाइल्स दारातून दिसणाऱ्या भिंतीपासून सुरू करायच्या, कापलेले तुकडे दारामागच्या कोपऱ्यात न्यायचे. सगळ्या खोक्यांचा बॅच नंबर एकच बघायचा, नाहीतर रंगात फरक पडतो. फुटतूट धरून दहा टक्के टाइल्स जास्त घ्यायच्या. सांधे पांढरे नकोत, टाइलच्या रंगाचे भरून घ्यायचे. ड्रमची जागा आधी ठरवायची. भरलेला दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो वजन! त्याखाली टाइल पोकळ बसली असेल तर तडकणारच. मिस्त्री जायच्या आधी नाण्याने ठोकून आवाज ऐका. आणि कमोडशेजारी हाताला धरायचा दांडा टाइल्स बसवतानाच लावून घ्या.

आता कमोडचा हिशेब. घरात पाच माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा. जुन्या पद्धतीची दहा लिटरची टाकी असेल तर रोज अडीचशे लिटर, म्हणजे आठ दिवसांत दोन हजार लिटर पाणी नुसतं खाली जातं. दोन बटणांची सहा आणि तीन लिटरची टाकी बसवली, तर त्याच आठ दिवसांत सातशे वीस लिटरमध्ये भागतं. हजार लिटरची टाकी असलेल्या घरात नळ येईपर्यंत पाणी पुरणार की नाही, हे त्या दोन बटणांवर ठरतं.

बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यांत फिरते. तिथे स्वच्छ भारत अभियानात बारा हजारांच्या अनुदानातून संडास झाले. त्यांत बसवायचं जास्त उताराचं भांडं दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. तरी काही ठिकाणी त्यात गोवऱ्या ठेवलेल्या दिसतात. विचारलं की एकच उत्तर येतं, "बाई, ते दोन लिटर तरी कोण आणायचं?" म्हणजे आणणारी तीच. खेडं असो की शहर, पाणी बाई भरते, बाथरूम बाई घासते, पडलेल्या सासूची सेवाही बाईच करते. रंग आणि टाइल मात्र दुसरेच ठरवतात. दुकानात आपल्याला नेतात, पण चहा पाजून बाजूच्या खुर्चीवर बसवतात.

परवा बहिणीचा पुन्हा फोन आला. काम झालं. वाळूच्या रंगाच्या भिंती, राखाडी फरशी. आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपने परसातल्या लिंबाला जातं. मेव्हणे आधी म्हणत होते, अगदीच साधं दिसतंय. सासूबाई मात्र दांड्याला धरून एकट्या जाऊन आल्या. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच, कुणाला हाक न मारता. बाहेर येऊन म्हणाल्या, "पाय सटकत नाही गं." त्यावर मेव्हणे काही बोलले नाहीत म्हणे.

तुमच्या घरी टाइल्स निघतील तेव्हा घरच्या पाण्याची बाटली घेऊन जा. आणि खुर्चीवर बसू नका.